काट्यापुढची स्क्रीन

परभणी जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या मागंपुढं सोयाबीन एकदम बाहेर पडतं. जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा, कुठल्याही रस्त्याला लागा, पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो दिसतातच. सणाचा खर्च आणि रब्बीचं बी-खत एकाच वेळी समोर उभं असतं, त्यामुळं माल थांबवून ठेवणं थोड्यांनाच परवडतं. ज्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रासाठी मी काम केलं, तिथं या दिवसांत उजाडताच रांग लागते. केंद्राचं सामान म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक काटा, हवा (दाण्यातला ओलावा) मोजायचं मीटर, चाळणी, एक जुना लॅपटॉप आणि प्रिंटर. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये चालणारं खरेदीचं सॉफ्टवेअर. हमीभावाच्या खरेदीची अधिकृत नोंद सरकारी पोर्टलवर होते, ती वेगळी. हे केंद्राचं स्वतःचं: कोण आलं, किती माल, काय हवा, किती पोती, किती रुपये. ते बाहेरगावच्या कोणाकडून तरी करून घेतलेलं होतं आणि करणारे आता फोन उचलत नव्हते. २०२४च्या हंगामात ते माझ्याकडं आलं.

मागणी साधी होती. स्क्रीन जरा नवी दिसू द्या, रंग बदला, आणि ते हँग होणं थांबवा. फ्रंटएंड, म्हणजे सॉफ्टवेअरचा जो भाग माणसाच्या डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो, तो गेली कित्येक वर्षं मी करत आले आहे. आधी पुण्यात, आता परभणीत घरी बसून. या कामात रंगाची मागणी कधीच शब्दशः घ्यायची नसते. माणूस रंगाबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला दुसरंच काही टोचत असतं, फक्त ते नेमकं काय हे सांगायला त्याला सवड मिळालेली नसते. म्हणून कोड उघडायच्या आधी मी काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले.

तिथं कामाला एक ठरलेला क्रम आहे. गाडी आली की नाव, गाव आणि मोबाइल विचारतात. मग पोत्यांतून नमुना काढतात. मीटरमध्ये हवा बघतात, चाळणीवर मातेरं बघतात. माल पास झाला की पोती काट्यावर चढतात, वजन वाचलं जातं, बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, वजन वजा होतं. शेवटी पट्टी, म्हणजे वजनाची आणि रकमेची पावती. हा क्रम कोणी लिहून दिलेला नाही, पण हमालापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे.

स्क्रीनचा क्रम भलताच होता. पहिलं पान शेतकऱ्याच्या माहितीचं. त्यात आधार क्रमांक, बँक खातं, आयएफएससी, सातबाऱ्याचा गट क्रमांक, सगळं सक्तीचं. ते भरल्याशिवाय वजनाचं पान उघडायचं नाही. हवेचं पान वजनानंतर. डेटाबेसमध्ये तक्ते ज्या क्रमानं रचले होते त्याच क्रमानं पानं लावलेली दिसत होती. आता पासबुक घरी विसरलेला माणूस ताडकळसहून गाडी घेऊन आलाय, मागं रांग उभी आहे, हमाल खोळंबलेत. अशा वेळी केंद्रावर नोंदी करणारी मुलगी काय करणार? ती खात्याच्या रकान्यात शून्यांची माळ टाकायची आणि पुढं जायची. तिचं काहीच चुकत नव्हतं. सक्तीनं मागितलेली माहिती ऐन वेळी नसली की माणूस खोटी भरतो आणि मग खरी-खोटी निवडायला कोणीतरी रात्री बसतं.

रात्री बसायची ती मुलगीच. दिवसभर ती लांब आकाराच्या वहीत नाव, वजन, हवा, पोती लिहायची आणि गर्दी ओसरली की वहीतून स्क्रीनवर उतरवायची. म्हणजे खरं सॉफ्टवेअर ती वही होती. तिला वीज लागत नव्हती, ती हँग होत नव्हती, आणि तिच्यात एखादा रकाना रिकामा ठेवून पुढच्या ओळीवर जाता येत होतं. कंपनीच्या संचालकांना मी सांगितलं की आपलं काम झालं की नाही याची माझी कसोटी एकच राहील. वही आपोआप बंद पडली पाहिजे. बंद करा म्हणून सांगावं लागलं, तर काम झालेलं नाही.

बसल्या बसल्या आणखी काही गोष्टी दिसल्या, त्या नुसता कोड वाचून कधी दिसल्या नसत्या. केंद्रावर नोंदी करणारी बहुतेक मुलं-मुली टॅलीवर शिकलेली असतात. टॅलीत एंटर दाबलं की पुढच्या रकान्यात जाता येतं. वेबवरच्या फॉर्ममध्ये एंटर दाबलं की सहसा फॉर्मच जमा होतो. नाव टाइप करून सवयीनं एंटर दाबलं की अर्धी नोंद जमा व्हायची, मग ती शोधून पुसायची. मी एंटरला पुढच्या रकान्यात नेण्याचं काम दिलं आणि नोंद जमा करायला वेगळं बटण ठेवलं, तेही शेवटच्या पायरीवर.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. वजनाचा रकाना ब्राउझरच्या तयार ‘नंबर’ प्रकारचा होता. त्या रकान्यात कर्सर असताना माऊसचं चाक फिरलं तर काही ब्राउझरांत आकडा एकेका पायरीनं वरखाली होतो. मुलगी वजन टाकायची, पान खाली सरकवायला चाक फिरवायची, आणि वजन गुपचूप कमी-जास्त व्हायचं. आवाज नाही, सूचना नाही. एखाद्या शेतकऱ्याचे दोन किलो असे गेले तर तो काट्यावर संशय घेईल, मापाड्यावर घेईल. माऊसच्या चाकावर कोण घेणार? तो रकाना मी साधा मजकुराचा केला आणि आकडा तपासायचं काम आपल्या कोडकडं घेतलं. त्यातून तिसरी अडचणही सुटली. कीबोर्ड मराठीत असताना टाकलेले देवनागरी आकडे तो तयार रकाना घेतच नसे. आता ८.४७ देवनागरीत टाका नाहीतर रोमनमध्ये, आत एकच आकडा जातो.

आता कोडबद्दल. खरेदीचं सगळं पान हजारो ओळींच्या एकाच फाईलमध्ये होतं. बटण दाबल्यावर काय होतं, भाव कसा काढायचा, पट्टी कशी छापायची, सर्व्हरला काय पाठवायचं, हे सगळं एकात एक गुंतलेलं. किती वजन झालं याची नोंद वेगळी कुठं ठेवलेलीच नव्हती. प्रत्येक जण ती स्क्रीनवरच्या रकान्यातून वाचून घ्यायचा. त्यामुळं रकान्याची जागा बदलली की हिशोब मोडायचा. पूर्वी कोणी स्क्रीन सुधारायच्या भानगडीत का पडलं नव्हतं ते मला तिथं कळलं.

रकमेचं गणित तीन ठिकाणी होतं. एक स्क्रीनवर, एक पट्टीत, एक दिवसाच्या अहवालात. समजा ८ क्विंटल ४७ किलो माल क्विंटलला ४,३२५ रुपयांनी गेला, तर ३६,६३२ रुपये ७५ पैसे होतात. त्यातून हमाली, तोलाई जाणार. एका ठिकाणी प्रत्येक कपातीनंतर पूर्ण रुपया केलेला, दुसऱ्या ठिकाणी अगदी शेवटी. स्क्रीनवर एक रक्कम आणि हातातल्या पट्टीवर एक रुपया कमी. एक रुपयाचं काय घेऊन बसलात, असं शहरातल्या बैठकीत कोणी म्हणू शकेल. काट्यापुढं उभ्या असलेल्या माणसाला त्या रुपयातून एवढंच समजतं की इथले दोन आकडे जुळत नाहीत. मग बाकीच्या छत्तीस हजारांवर तरी त्यानं विश्वास का ठेवावा?

त्याच हंगामात आणखी एक प्रसंग आला. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि हवेची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारनं ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. शेतकऱ्यांसाठी बातमी मोठी होती. कोडमध्ये मात्र १२ हा आकडा जागोजाग हातानं लिहिलेला. कुठं तो हवेचा, कुठं महिन्यांचा, कुठं अक्षराच्या आकाराचा. नेमके कोणते बदलायचे ते एकेक ओळ वाचून ठरवावं लागलं, आणि तोवर मुलगी १४ टक्क्यांचा माल पुन्हा वहीतच घेत होती. वापरायला सोपं असणं आणि आतली रचना नीट असणं, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे मी पूर्वीही मानत होते. त्या दिवसांत ते काट्यावर उभं राहून पाहिलं. रचना विस्कटलेली असेल तर तिचा भार शेवटी बोटं चालवणाऱ्या माणसावर येतो, मग वरून रंग कितीही छान असोत.

सगळं फेकून नव्यानं लिहायचा मोह प्रोग्रामरला नेहमीच होतो. हंगाम चालू असताना तो परवडत नाही. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर-लेखकानं २००४मध्ये यावरची एक रीत मांडली होती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जंगलात त्यानं दुसऱ्या झाडावर रुजून हळूहळू त्याला वेढून टाकणारे वृक्ष पाहिले, त्यावरून त्याला ती सुचली. आपल्याकडं जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजतो आणि वाढत जातो, तसंच ते. जुनं चालू ठेवायचं, त्याच्या एकेका भागाशेजारी नवा भाग उभा करायचा, आणि नवा तोलू लागला की जुना काढायचा. आधी मी गणित बाहेर काढलं. भाव, हवेची मर्यादा, हमाली, तोलाई, बारदान्याचं वजन हे सगळे नियम एका जागी आणले. त्यांचा स्क्रीनशी संबंध ठेवला नाही. जुन्या पट्ट्यांचे आकडे घालून ते तपासता येऊ लागले. मग चालू नोंदीची सगळी माहिती एका ठिकाणी ठेवली. स्क्रीन फक्त ती दाखवणार आणि बदल कळवणार. त्यानंतर पानाचे तुकडे पाडले: ओळख, हवा-मातेरं, काटा, पट्टी. तुकड्यांचा क्रम म्हणजे काट्याचाच क्रम. बँक खातं पट्टीनंतरच्या पायरीवर गेलं आणि रिकामं राहिलं तर ‘खातं बाकी’ अशी खूण दिसू लागली. शून्यांची माळ तिथंच थांबली.

२०२५च्या हंगामात हमीभाव ५,३२८ झाला, तेव्हा एकाच ठिकाणी एकच आकडा बदलला.

वीज आणि नेटबद्दल वेगळं सांगायला हवं. केंद्र गावाबाहेर, वर पत्रे, रेंज कधी आहे कधी नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पायरीला सर्व्हरचं उत्तर येईस्तोवर एक चक्र फिरत राहायचं. समोरचे एक आजोबा बराच वेळ ते बघत होते. म्हणाले, “ताई, ह्ये किती येळ फिरायलंय? आमचा माल घेतला का न्हाई ह्याच्यात?” याहून नेमका प्रश्न मला कुठल्या तज्ज्ञानं विचारलेला नाही. जेकब नीलसन यांनी १९९४मध्ये वापरसुलभतेची दहा तत्त्वं मांडली, ती जगभर शिकवली जातात. त्यांतलं पहिलंच असं की यंत्र सध्या काय करत आहे हे माणसाला वेळेवर कळलं पाहिजे. आजोबा तेच मागत होते. फिरणाऱ्या चक्रातून ‘थांबा’ एवढंच कळतं. माल घेतला की नाही, ते कळत नाही.

आता प्रत्येक पायरीची नोंद आधी लॅपटॉपमध्ये, ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात जाते आणि नेट मिळालं की सर्व्हरला. मधेच वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला तरी नोंद जिथं थांबली होती तिथूनच उघडते. स्क्रीनच्या वरच्या कडेला दोनच वाक्यं आळीपाळीनं दिसतात: ‘नोंद इथं जपली आहे’ आणि ‘नोंद वर पोचली आहे’. पट्टीचा क्रमांक पूर्वी सर्व्हर देत असे, त्यामुळं नेट नसताना पट्टी निघत नसे. हातात पट्टी पडल्याशिवाय शेतकरी जागचा हलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून क्रमांक आता केंद्राच्या अक्षरापासून सुरू होतो आणि लॅपटॉपच तो देतो. दोन केंद्रांचे क्रमांक एकमेकांत मिसळत नाहीत. आणखी एक केलं. एक जुना मॉनिटर शेतकऱ्याच्या बाजूला वळवून ठेवला. त्यावर नाव, गाव, हवा, वजन, पोती एवढंच, मोठ्या अक्षरात. पत्र्याखालच्या उजेडात फिकट अक्षरं पुसट होतात. वेबच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ला १ एवढा फरक सांगितलाय. मी त्याच्याही पुढं जाऊन सरळ पांढऱ्यावर काळं ठेवलं. रंग नवे हवे होते, ते असे आले.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते नावांनी. केंद्रावर तक्रार होती की शोधलेलं नाव सापडत नाही, म्हणून तोच शेतकरी पुन्हा नव्यानं नोंदवला जातो. मी यादी उघडली तर कऱ्हाळे आडनावाचा एकच माणूस यादीत अनेकदा. डोळ्यांना सगळी नावं तंतोतंत सारखी. आतून पाहिल्यावर उलगडलं. कऱ्हाळेमधला अर्धा र संगणकात निरनिराळ्या रीतींनी लिहिला जातो. एक, युनिकोडमधलं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य चिन्ह, ज्याला रुंदीच नसते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनच्या पद्धतीनं शिकलेला एक प्रकारे टाइप करतो, इनस्क्रिप्टवाला दुसऱ्या प्रकारे, मोबाइलचा कीबोर्ड तिसऱ्या. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणल्या असतील तर त्यांत आणखी काही. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द.

युनिकोडची एकरूप करण्याची प्रमाण रीत पहिल्या दोघांना एक करते, तिसऱ्याला नाही. आणि ते अदृश्य चिन्ह नुसतं काढून टाकलं तर कऱ्हाळेंचे कर्हाळे होतात, हे कोणालाच चालणार नाही. म्हणून स्वतंत्र नियम लिहिला: र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त ठेव. शोधताना ह्रस्व-दीर्घाचा भेद सोडून दे. नाव-वडील-आडनाव हा क्रमही सोडून दे, कारण एखाद्या कागदावर आडनाव आधी असतं आणि दुसऱ्यावर शेवटी. गाव नेहमी तालुक्यासकट दाखव, कारण टाकळी आणि पिंपळगाव नावाची गावं आपल्या जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत. हे काम बाहेरून कोणाला दिसत नाही. पण माणसाचं नाव यंत्राला नीट सापडणं हा मला त्या माणसाचा मान वाटतो, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी तो राखायचा नाही तर कोणी?

स्क्रीन काही आमच्या केंद्रापुरतीच नाही; गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याच्या हातात सरकारनंच कितीतरी स्क्रीन दिल्या आहेत. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पेऱ्याची नोंद तलाठ्याकडून शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. २०२५मध्ये कापूस महामंडळानं हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅप आणलं, त्यावर नोंदणी आणि वेळ घ्यायची. मानवतच्या कापसाच्या बाजारात आज हातात मोबाइल धरून उभा असलेला शेतकरी हे नेहमीचं दृश्य आहे. ई-पीक पाहणीच्या पुढच्या आवृत्तीत एक सोय आली ती मला फार शहाणपणाची वाटते: नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकरी ती स्वतः एकदा दुरुस्त करू शकतो. शेतात उभं राहून, उन्हात, अंगठ्यानं भरलेल्या नोंदीत चूक होणारच, हे ज्यानं गृहीत धरलं त्यानं वापरणारा माणूस खरोखर पाहिलेला आहे.

दुरुस्तीवरून आमच्या केंद्रावरही बरीच चर्चा झाली. पट्टी छापल्यावर आकडा बदलता यावा, असं मॅनेजरचं म्हणणं होतं. गर्दीत चूक होते, हे त्यांचं खरंच. पण छापलेली पट्टी शेतकऱ्याच्या खिशात गेलेली असते. आतला आकडा गुपचूप बदलला तर तो कागद खोटा पडतो. शेवटी ठरलं असं: पट्टी बदलत नाही, रद्द होते. रद्द करताना कारण निवडायचं, नवी पट्टी निघते, तिच्यावर जुन्या पट्टीचा क्रमांक छापला जातो आणि दोन्ही अहवालात राहतात. छापण्याआधी मात्र सगळं एका नजरेत दाखवणारी पायरी आहे, आणि तिथून मागं जाऊन काहीही बदलता येतं. रद्द पट्ट्यांची कारणं मी अधूनमधून वाचत असते. ‘पोती मोजण्यात चूक’ हे कारण वारंवार येऊ लागलं, तेव्हा पोत्यांचा रकाना काट्याच्या पायरीतच, वजनाशेजारी आणला.

वही अजून टेबलाच्या खणात आहे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ती उघडली जात होती. नंतर तिच्यात हमालांच्या उचलीचा हिशोब लिहिला जाऊ लागला.

सध्या बारदान्याचं काम हातात घेतलंय. किती रिकामी पोती आली, किती भरून गेली, किती फाटकी निघाली, हे अजून तोंडीच चालतं, आणि ऐन गर्दीत बारदाना संपला की खरेदीच थांबते. रोजच्या पट्ट्यांवरून शिल्लक पोती आपोआप वजा होत जावीत आणि उद्यापुरती उरणार नाहीत असं दिसलं की आदल्या दिवशीच सूचना यावी, एवढं जमवायचं आहे. त्यासाठी पुढच्या आठवड्यात मी गोदामात जाऊन बसणार आहे. पोती तिथं प्रत्यक्षात कोण मोजतं आणि कधी, ते आधी बघायचंय.